भट्टीच्या दाराची दोरी

"तू गेलीस की विझवतो," बाबा म्हणाले.

ते भट्टीच्या दारापुढे उकिडवे बसले होते. घरापासून चाळीस पावलांवर बर्फात उभी असलेली ती लोखंडी भट्टी पाणी तापवी आणि जमिनीखालच्या नळांतून घरभर खेळवी. तिच्या दाराच्या कडेने, फट बुजवायला, न जळणाऱ्या जाड दोरीची गॅस्केट होती. ती झिजली होती. फटीतून हवा आत शिरे, आग भडके आणि लाकूड दुप्पट लागे. नवी दोरी आणून ठेवलेली होती, पण ती बसवायची तर भट्टी पूर्ण गार करावी लागते. मिशिगनच्या त्या टोकाला जानेवारीत भट्टी दिवसभर बंद म्हणजे घराचं बर्फाचं कपाट. लेक घरात असताना बाबा, म्हणजे अर्वो निएमेला, तसं काही करणार नव्हते.

हेल्मी "बरं" म्हणाली. बॅग गाडीत ठेवली. काहीतरी विसरल्याचं निमित्त करून आत गेली, पुन्हा बाहेर आली. तोवर बाबांनी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवला होता. रस्ता बरा आहे, अंधाराआधी पोचशील, म्हणाले. ती सहा तास गाडी चालवून मिनिआपोलिसला पोचली. रविवार होता.

सोमवारी संध्याकाळी ओन्नीकाकांचा फोन आला. ते शेजारी, बाबांचे शाळेपासूनचे सोबती. बाबा स्वयंपाकघरात पडलेले सापडले होते. डॉक्टरांच्या मते दुपारीच गेले होते.

मंगळवारी उजाडता उजाडता ती पोचली, तेव्हा भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता. घर उबदार होतं. टेबलावर नव्या दोरीचं पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. म्हणजे भट्टी विझवायला बाबांना सवडच झाली नव्हती. ही त्यांचीच आग होती.

त्या दिवसापासून तिने ती विझू दिली नाही. दफन झालं, पाहुणे पांगले, तिने रजा वाढवून घेतली. दर चार तासांनी ती बूट चढवून बाहेर जाई आणि लाकडं घाली. ओन्नीकाका रोज कॉफीला येत. एवढ्या लाकडात मी सॉना पेटवून अख्ख्या गावाला आंघोळ घातली असती, असा टोमणा एकदा मारून झाला. त्यांनी दोरी बदलायचा विषय काढला की ती दुसरंच काही बोले. तेही फार रेटत नसत.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लाकडांचा ढीग उतरून तिच्या गुडघ्यापर्यंत आला. बर्फ एप्रिलशिवाय हलणार नव्हता. दोरी बदलायला हवी, हे तिला कबूल करावंच लागलं.

शेवटचे निखारे तिने फावड्याने लोखंडी बादलीत काढले, परसातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेगडीत नेऊन टाकले आणि वर बर्चचे दोन ओंडके रचले. ओन्नीकाका यायच्या आत हे उरकलं. दुपारी भट्टी गार झाली. काकांनी पटाशीने जुनी दोरी उकरली, खाच तारेच्या ब्रशने घासली आणि लुकण भरली. हेल्मी नवी दोरी ताणून बसवू लागली.

"ताणू नकोस," काका म्हणाले. "आत रेटत जा. ताणलेली दोरी तापली की आक्रसते आणि नेमकी सांध्यावर फट पडते. तुझा बाप दरवेळी ताणायचा. दोन इंच दोरी वाचवायची आणि गाडाभर लाकूड जाळायचं."

ती महिनाभरात पहिल्यांदा हसली. दोरी रेटत रेटत तिने फेरा पुरा केला.

लुकण सुकायला रात्र गेली; हेल्मी अधूनमधून उठून सॉनाच्या शेगडीत लाकूड घालत राहिली. सकाळी काकांनी दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. पट्टी जागची हलली नाही. समाधानाने त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, तर हेल्मी सॉनाकडून बादली घेऊन येत होती. बादलीत निखारे होते.

काडी आहे की माझ्याकडे, काका म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. ही बाबांची आग आहे, हीच घालायची, असं तिने सांगितलं.

काकांनी काडेपेटी पुन्हा खिशात ठेवली. मग त्यांनी टोपी काढली.

"ती त्याची नाही, हेल्मी. मी पेटवलेली आहे."

त्या भागात सकाळी उठल्यावर माणसं आधी शेजारच्या धुराकडे बघतात. धूर नसला की बूट चढवून निघतात, विचारत बसत नाहीत. त्या सोमवारी आठ वाजता अर्वोच्या भट्टीवर धूर नव्हता. ओन्नीकाकांच्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही.

"रविवारी मला म्हणाला होता, पोरगी गेली की विझवणार. मला वाटलं, दोरी बदलतोय. मी कॉफी प्यायलो. जेवलो. पाच वाजता आलो. नळ गोठू नयेत, तुला घर गरम मिळावं, म्हणून पेटवली. मग तू ती देवासारखी सांभाळायला लागलीस. सांगायचं कसं?"

हेल्मीने बादली खाली ठेवली. बादलीच्या बुडाखालचा बर्फ चर्र करत वितळला. काकांच्या हातातली टोपी घेऊन तिने ती त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, कान झाकून.

मग ती भट्टीपाशी गेली. दार उघडून गुडघ्यांवर बसली. आत काळोख होता, लोखंडाचा गार वास होता.

"मला जायचं नव्हतं, बाबा," ती त्या पोकळीत म्हणाली. "घर गारठलं असतं, तरी मी राहिले असते."