भिंतीपलीकडच्या टाळ्या

मोठ्या नाट्यगृहातल्या टाळ्या मधली भिंत ओलांडून थेट छोट्या रंगमंचावर यायच्या. तिथे नाटकं बसवणाऱ्या बाईंनी तक्रारी करून करून शेवटी हात टेकले. नटांना बजावलं, "पलीकडे टाळ्या पडल्या की गप्प उभं राहायचं. संपल्या की पुढचं वाक्य घ्यायचं." सात वर्षं हेच चाललं.

आज नव्या नाटकाच्या मध्यंतरात मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक तणतणत विंगेत शिरले. "बाई, तुमच्या प्रेक्षकांना आवरा! त्यांच्या टाळ्यांनी आमचा नायक वाक्य अर्धवट सोडून उभा राहतोय."

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"अहो, सोपं असतं ते. पाठवू का आमच्यातलं कुणी शिकवायला?"