यंदाची दहा गाणी

हरिदासांनी खिशातला कागद उलगडला, तोवर बागेतल्या मांडवात सात जणांची गाणी होऊन गेली होती. सातही गाणी पन्नास वर्षांपूर्वीची. ज्येष्ठ नागरिक मंडळाची ही वर्षातली शेवटची बैठक, आणि फळ्यावर विषय लिहिला होता : ‘या वर्षीचं माझं आवडतं गाणं’.

"माझी दहा हायत," हरिदास म्हणाले. "समदी यंदाचीच."

"यंदाची म्हणजे?" अध्यक्ष उदयसिंहांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि आवाजही अजून तसाच.

"यंदा निघालेली. फळ्यावर तसंच लिवलंय की, सर."

मांडवात हशा पिकला. हरिदासांची मुलगी प्रतिक्षा मोबाईल स्पीकरला जोडून बाजूला उभी होती. ती खाली बघू लागली. सकाळी स्कूटीवर मागे बसवून आणताना तिनं सांगून पाहिलं होतं, "आण्णा, एखादं जुनं भीमगीत म्हणा आणि मोकळे व्हा. ही गाणी तिथं कुणाला कळायची नाहीत." हरिदासांनी मान हलवली होती, पण कागद काही खिशातून काढून ठेवला नव्हता.

आता त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. गाण्यांची नावं त्यांना पाठ नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या परीनं खुणा लिहून ठेवल्या होत्या.

"धा नंबर. दोन पोरी भांडतात आन् मधीच हसतात, ते. नऊ नंबर. ट्रॅक्टरच्या हॉर्नावर ठेका धरलाय, ते. आठ नंबर कोरियाचं हाय. एक अक्षर कळत न्हाय, पण ढोल लई ग्वाड."

"कोरियाचं!" बजाबाई पदर सावरत म्हणाल्या. कुंभारीहून लेकाच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या बजाबाईंना बैठकीला यायला लागून महिनाच झाला होता. "आन् ते तुमाला आवाडतंय व्हय?"

"लई."

पुन्हा हशा. उदयसिंहांनी घड्याळ पाहिलं. "हरिदासराव, दहा कुठं ऐकत बसायची? एकच लावा. आणि जरा कानाला बरं वाटेल असं बघा."

बोलून गेल्यावर ते एकदम थांबले. हसणंही थांबलं. चादरीच्या कारखान्यात मागावर चौतीस वर्षं काढून हरिदासांचे कान गेले होते, हे बजाबाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या जानेवारीत प्रतिक्षानं दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं, तोवर या बैठकीत ते नुसतेच हसून मान हलवत बसायचे.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," उदयसिंह खालच्या आवाजात म्हणाले. "पण मी म्हणतो, इतक्या वर्षांनी ऐकू यायला लागलं, तर आपल्या वेळची गाणी ऐकावीत माणसानं. ही कशाला?"

हरिदासांना राग आला नव्हता. त्यांनी कागदाची घडी घातली.

"आपल्या वेळची बहिरा असताना बी वाजायची, सर. आतल्या आत. त्याला मशीन कशाला लागतंय? नवं गाणं मात्र कानातनंच आत यावं लागतं."

प्रतिक्षानं मोबाईल पुढं केला. "कुठलं लावू, आण्णा?"

"एक नंबरचं." मग ते सगळ्यांकडे वळले. "गाणं न्हाय आवडलं तर ऱ्हाऊ द्या. पण चालू व्हायच्या आधी ती गाणारी पोरगी श्वास घेती. तेवढा ऐका."

गाणं लागलं. आवाज गोड होता, एवढं सगळ्यांना कळलं. श्वास कुणालाच सापडला नाही.

"कुटं घेतला?" बजाबाई म्हणाल्या. "परत लाव गं, बाई."

प्रतिक्षानं परत लावलं. या खेपेला आणखी दोघं खुर्च्या घेऊन स्पीकरजवळ सरकले. तरी श्वास काही मिळेना. बागेच्या कोपऱ्यात टाकीवर पाणी चढवणारी मोटर घुमत होती.

उदयसिंह उठले आणि मांडवाच्या कडेला गेले. "बसलिंगप्पा, मोटर बंद करा जरा."

पाइप धरून उभा असलेला म्हातारा माळी चक्रावला. "पाणी चौथ्या दिवशी आलंय, सर. टाकी भरायची हाय."

"पाच मिनिटं. मी सांगतोय ना."

मोटर थांबली, आणि बाग एकाएकी मोठी झाल्यासारखी वाटली. उदयसिंह परत येऊन न बसता स्पीकरपाशी वाकून उभे राहिले. बजाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला. आपलाच श्वास मध्ये यायला नको. पाइप हातात घेऊन बसलिंगप्पाही मांडवाच्या खांबापर्यंत आला.

प्रतिक्षानं बोट टेकवलं.

आणि तो आला. बारीक, घाईचा, शेजारी कुणी येऊन बसावं तसा. वर्षभरात हरिदासांनी तो शे-दोनशे वेळा ऐकला असेल. पण एकट्यानंच, कानातल्या मशीनमध्ये. आज त्यांचं लक्ष श्वासाकडे नव्हतंच. ते समोरच्या तोंडांकडे बघत होते. एकेक तोंड उजळत गेलं, शेवटी उदयसिंहांचंही.

बजाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "जित्ती हाय की ओ ही!"