होळीले येतो

चीनच्या लढाईत बर्फानं पायाची दोन बोटं नेली, तेव्हा फौज सोडून भोजराज पटले वकिली शिकले अन् पुढं बालाघाटात सरकारी वकील झाले. "पलटणीत मी बंदुकीपेक्षा पोरांच्या चिठ्ठ्या लिहायला टाकच जास्त चालवला," असं ते हसून सांगत.

एके दिवशी ठाणेदार खैरलांजीकडच्या म्हाताऱ्या जिजाबाईला घेऊन आले. तिच्या गावच्या पडक्या विहिरीचा गाळ काढताना माणसाचा सांगाडा निघाला होता.

"तो माह्या पोराचाच हाय, साहेब," म्हातारी म्हणाली. "फौजेतून सुटीवर आलता. सुनेनं मारलं त्याले, अन् सालभरात दुसरा पाट लावला."

"फौज त्याले लापता म्हणते," ठाणेदार म्हणाले, "पण लढाई संपल्यावर त्यानं मायले चिठ्ठी लिहिली होती. तेवढ्या एका कागदावर त्याची बायको आनंदी जन्मभर आत जाईन."

म्हातारीनं पदराची गाठ सोडली अन् घडीवर फाटलेली चिठ्ठी टेबलावर उलगडली. 'माय, मी होळीले घरी येतो. तुझा फकिरा.'

दोनच ओळी होत्या, पण वकीलसाहेबांची नजर त्यांवरून हलेना.

"एवढं पुरते न, साहेब?" म्हातारीनं विचारलं.



बर्फात वकीलसाहेबांच्या मांडीवर जीव सोडताना फकिरा म्हणाला होता, "मायले इतक्यात सांगू नोको," म्हणून फौजेलाही न कळवता ती चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.