हिरवे छप्पर

"गाडी गवतावर नको लावूस, ड्वेन," आई मागच्या अंगणातून म्हणाली. "गारांतून वाचलंय तेवढं तरी राहू दे."

ड्वेन कुचेराने गाडी मागे घेतली. ओमाहाहून तो सकाळीच निघाला होता. गावात शिरल्यापासून एकच दृश्य होते. घरोघरी फाटलेली छपरे, त्यांवर निळ्या ताडपत्र्या, आणि रस्त्याकडेला टेक्सासच्या नंबरच्या गाड्या, टपावर शिड्या बांधलेल्या. नेब्रास्कात गारा पडल्या की हे छप्परवाले ठेकेदार कामाच्या शोधात गुळावर माश्या याव्यात तसे येत.

त्याची आई, व्हर्नाबाई, गुडघ्यांवर बसून घेवड्याचे दाणे टोकत होत्या. आधीचा घेवडा गारांनी झोपवला होता. दोरी न लावता ओळ सरळ, दाण्यादाण्यात वीतभर अंतर. गुडघ्यांना त्यांनी नवऱ्याचे जाड अस्तराचे चामड्याचे पट्टे बांधले होते. लुमिर कुचेराने त्याच पट्ट्यांवर रांगत अर्ध्या गावाची छपरे घातली होती, आणि पोरे लहान असताना व्हर्नाबाईंनी खालून कौले चढवून दिली होती. स्वतःच्या घरावर लुमिरने बायकोच्या आवडीची, वर बारीक हिरवी खडी चिकटवलेली डांबरी कौले घातली. अख्ख्या गल्लीत हिरवे छप्पर हे एकच.

"गुडघे दुखतात ना तुझे? मग हे कशाला?"

"बसलं की दुखत नाहीत. उठलं की दुखतात. म्हणून उठत नाही."

स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती. बशा, घड्याळ, लुमिरचा फोटो, सगळे कागदात गुंडाळलेले. घराला गिऱ्हाईक ठरले होते. शाळेत शिकवणारे तरुण जोडपे. पण त्यांच्या बँकेने स्पष्ट सांगितले होते, छप्पर नवे झाल्याशिवाय कर्ज नाही.

नव्या छपराला बावीस हजार डॉलर लागणार होते. ड्वेनच्या दोन्ही मुली कॉलेजात, आईचे पोट पेन्शनवर. सगळी भिस्त विम्यावर होती. कंपनीने मंजूर केले तर घरच्यांनी दोनच हजार भरायचे. मग घर विकायचे आणि आईला ओमाहातल्या वृद्धाश्रमात, ड्वेनच्या घराजवळच. खोलीसाठी आगाऊ पैसे भरून झाले होते.

हिवाळ्यात ती मागच्या पायरीवर घसरली आणि शेजारणीने पाहीपर्यंत बर्फात पडून राहिली. तेव्हापासून ड्वेनची झोप उडाली होती. आई सगळा हिवाळा भांडली. गारा पडल्या आणि नरमली. "छप्पर नवं झालं, की खुशाल वीक," ती फोनवर म्हणाली होती. "मी आड येणार नाही."

"शिडी कुणी काढली?" ड्वेनने खिडकीतून विचारले. बापाची लांब शिडी मागच्या भिंतीला टेकलेली होती.

"त्या टेक्सासवाल्यानं. वर जाऊन बघून आला. मला म्हणतो, आजी, तुम्ही नुसती सही करा, बाकी माझ्यावर सोडा."

"केलीस?"

"मी काय काल जन्मले?"

दुपारी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. ब्रेंट होल्म नाव, अंगाने किडकिडीत, कमी बोलणारा. व्हर्नाबाईंनी त्याच्यापुढे आलुबुखार भरलेले कोलाच, चेक पद्धतीचे गोड पाव, ठेवले. त्याने दोन खाल्ले, खुणा करायला खडू खिशात टाकला आणि वर गेला.

ड्वेन खाली उभा राहून पावलांचा आवाज ऐकत होता. पुढच्या बाजूला पावले भराभर फिरली. मागच्या बाजूला मात्र बराच वेळ थांबली.

होल्म हात झटकत खाली आला.

"नैऋत्येची बाजू गारांनी पार गेलीय. धुराड्याच्या पत्र्यालाही पोचे आहेत. तेवढ्यावरच अख्खं छप्पर मंजूर झालं असतं."

"असतं म्हणजे?"

"मागच्या बाजूला कुणीतरी हातोडी चालवलीय. गारा कशाही पडतात, मिस्टर कुचेरा. हे घाव एका रांगेत आहेत, सारख्या अंतरानं. इतकं गबाळं काम मी पाहिलं नाही. लपवायचीसुद्धा तसदी नाही."

व्हर्नाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आजी, वर कोण चढलं होतं?"

"एक टेक्सासवाला," ड्वेनच बोलला. "नाव काय त्याचं, आई?"

"सांगितलं होतं रे. विसरले. दिसायला बरा होता."

होल्मने मान हलवली. "जास्त काम निघावं म्हणून करतात हे लोक. यात तुमचा हात नाही असं मी लिहीन. पण हातोडीची खूण सापडली की कंपनी एक पैसा देत नाही. माझ्या हातात काही नाही." जाताना त्याने कोलाचाबद्दल आभार मानले.

ड्वेनने गिऱ्हाइकाला फोन केला. तरुण मास्तर सभ्य होता, वाईट वाटल्याचे म्हणाला, आणि त्यांनी दुसरे घर बघायला घेतले. मग ड्वेनने वृद्धाश्रमाला फोन केला. आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नव्हते.

"जेवून जा," आई म्हणाली. ती खोक्यातून बशा काढत होती.

"छप्पर गळलं तर?"

"तुझ्या बापाच्या ताडपत्र्या आहेत. बादल्या आहेत."

"आणि तू परत पडलीस तर?"

"तर परत उठेन."

आईने घड्याळाचा कागद सोडला, ते पुसले आणि जुन्या खिळ्यावर टांगले.

"मागच्या पायरीला कठडा तरी लावू दे मला," तो शेवटी म्हणाला.

"तेवढा लाव. पुढच्या शनिवारी ये. पोरींनाही आण."

माप घ्यायला तो मागे गेला. गुडघ्याचे पट्टे पायरीवर पडले होते. ते झटकल्याशिवाय बाप कुणाला घरात नेऊ देत नसे. ड्वेनने सवयीने ते उचलले आणि पायरीच्या कडेवर आपटले.

आधी काळी माती पडली. मग अस्तराच्या आतून बारीक हिरवी खडी.