चेअरमनचा पुठ्ठा

"गोरोबा आला गं, पुठ्ठे घाला," म्हणत गौराबाई आत पळाली आणि नीलम्माच्या अंगणात एकच धांदल उडाली.

बायकांची दूध सोसायटी झाली होती खरी, पण गावात संकलन केंद्र द्यायचं की नाही, हे उद्या येणारा डेअरीचा साहेब ठरवणार होता. नाही म्हणाला तर संपलंच. मग दुष्काळातनं पोटच्या लेकरागत जगवलेल्या म्हशींचं दूध डोक्यावर घेऊन लोहाऱ्याच्या केंद्रावर निघायचं आणि ते निम्म्या वाटेत नासायचं. साहेबापुढं बोलायचं होतं चेअरमननं. आणि चेअरमन होती नीलम्मा. परका पुरुष दिसला की हिची जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा.

त्यावर शांताक्कानं हा खेळ काढला होता. जुन्या पुठ्ठ्यांवर तिनं कोळशानं सोसायटीतल्या एकेकाचं चित्र काढलं. चित्राखाली त्याचा जोर कशात, खोड कुठली, भ्यायचं कशाला, त्याच्याही खुणा. पुठ्ठा गळ्यात घातला की त्याच्यासारखंच वागायचं. चुकेल तिनं सगळ्यांच्या गोठ्यातलं शेण काढायचं. चेअरमनबाईच्या पुठ्ठ्यावर डोळे वटारलेले, हात वर, आणि भीतीची जागा कोरी. म्हशीचाही पुठ्ठा होता. म्हशीवाचून सोसायटी कसली? साहेबाचं सोंग घ्यायला बहुरूपी गोरोबाला सांगावा धाडलेला.

पुठ्ठा गळ्यात असला की नीलम्मा अशी कडाडायची की ऐकत राहावं. काढला की पुन्हा भिजलेली मांजर.

आत्ता ती म्हशीची कास धूत होती. गौराबाईनं घाईघाईत तिच्या आणि म्हशीच्या गळ्यात पुठ्ठे अडकवले, तोवर साहेब दारात हजर. काळा चष्मा, बुशशर्ट, झुपकेदार मिशी.

"सोंग झ्याक काढलंय," गौराबाई कुजबुजली.

"या साहेब," नीलम्मा कमरेला पदर खोचून पुढं झाली. "मी चेअरमन. मिशी जरा डावीकडं उतरलीया, ती तेवढी नीट चिकटवा."

साहेबाचा हात नकळत मिशीकडं गेला. बायका खुसखुसल्या.

"दुष्काळ पडलाय. म्हशींना चारा नाही," साहेब घसा खाकरून म्हणाला. "केंद्र दिलं तर दूध कुठून आणाल?"

"चाऱ्याचं आमी बघतो. लेकरं जगवली न्हाईत का याच दुष्काळात, म्हशी बी जगवू. दूध म्हशीच्या चुकीनं नासत न्हाय साहेब, वाटंनं नासतंय. ती वाट तुम्ही कधी चाललाव?"

"नाही."

"मग चाला की." तिनं दुधानं भरलेली घागर उचलली आणि सरळ साहेबाच्या डोक्यावर ठेवली. "त्या लिंबापतूर जायाचं आन् यायाचं. सांडलं तर शेण काढावं लागंल, खेळाचा नियमच हाय."

साहेब का कुणास ठाऊक, खरंच निघाला. ऊन मी म्हणत होतं. चष्म्याखालून घामाच्या धारा लागल्या, बुशशर्टावर दुधाचे ओघळ आले आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलम्मा तर कमरेवर हात ठेवून मागं मागं चालली होती. "मान ताठ, साहेब. आमच्या म्हाताऱ्या बी झोकात चालत्यात."

साहेब धापा टाकत दारात परतला, तोच पाठोपाठ एक आरोळी आली.

"हटो, हम मुंबई का साहब है."

फाटका कोट, काजळाची मिशी. गोरोबा.

नीलम्मानं एकदा गोरोबाकडं पाहिलं, एकदा साहेबाकडं. म्हणजे हा खराच साहेब होता.

घागरीखालून साहेब हळूच म्हणाला, "उद्याचं काम आजच उरकावं म्हणून आलो होतो. आधी हे उतरवा, बाई. केंद्र दिलं. ही वाट माझ्या वैऱ्यालाही नको." घागर उतरल्यावर त्यानं चष्मा पुसला. "पण मघापासून एक विचारायचंय. तुम्ही चेअरमन, मग गळ्यात हे काय?"

नीलम्मानं खाली पाहिलं. पुठ्ठ्यावर दोन शिंगं आणि चार टपोरे सड होते. सगळ्यांच्या नजरा दावणीकडं वळल्या. तिथं चेअरमनबाई डोळे वटारून, हात वर करून म्हशीच्या गळ्यात लटकत होत्या आणि म्हैस निवांत रवंथ करत होती.

"अगं बया," शांताक्का म्हणाली, "मग मघाधरनं बोललं कोण?"

नीलम्मानं पुठ्ठा गळ्यातनं काढला. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"म्या," ती म्हणाली. "चेअरमनचं नाव लिव्हा साहेब, नीलम्मा."