तीन माणसांकडे बघायचं

माणसाचा जीव उत्पादनापेक्षा मोलाचा आहे. हे वाक्य रुएलच्या समोरच्या भिंतीवर हातहात उंचीच्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्या खाली एक कागद चिकटवला होता: परवानगीशिवाय लाइन सोडणाऱ्याला पिवळं कार्ड, तीन कार्डं झाली की घरी. भोंगा वाजला तेव्हा रुएल तो कागद वाचत होता. त्याच्या नावावर दोन कार्डं होती, आणि नोकरी पक्की व्हायला आठ दिवस राहिले होते.

त्याने सुरी खाली ठेवली नाही. आधी तीन माणसांकडे बघायचं, असा नियम होता.

नियम अर्लिनचा. रुएलसारख्यांना काम मिळवून द्यायचं आणि ते टिकवून द्यायचं, ही तिची नोकरी. दर मंगळवारी ती कारखान्याच्या कँटीनमध्ये येऊन बसायची. रुएलला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते दबले होते, गेले नव्हते. त्यांच्याच सांगण्यावरून तो आधी एका बेकरीतून भरला ट्रे टाकून चालता झाला होता, मग बंदरावरून. "आवाज आला की तीन माणसांकडे बघ," अर्लिनने सांगितलं होतं. "एकानेही मान वर केली नाही, तर तो तुझा एकट्याचा. काम चालू ठेव." या नियमावर सहा महिने निघाले होते, रिकाम्या डब्यांच्या गोदामात. कालच त्याला इथे, मासे सोलायच्या हॉलमध्ये आणलं होतं.

त्याने पहिल्यांदा बर्टोकडे पाहिलं. बर्टो शिजलेल्या ट्यूनाची कातडी ओढत कुठलंसं गाणं गुणगुणत होता. मग जोआनकडे. तिने मनगटाने नाक खाजवलं. तिसरी ग्लेंडा, त्यांची लाइनप्रमुख; तिला सगळे मानांग, म्हणजे ताई, म्हणायचे. तिची सुरी काळं मांस खरवडून मांजरांच्या खाण्याच्या डब्यांसाठी बाजूला टाकत होती, आणि तिचा हात जराही चुकला नाही.

म्हणजे भोंगा त्याचा एकट्याचा.

पण तो थांबेना. शंका राहिली तर एकाला विचारायचं, हे नियमाचं शेपूट होतं.

"मानांग," तो हळूच म्हणाला, "काही ऐकू येतंय का?"

ग्लेंडाने सुरी थांबवली. अर्लिनने तिला सगळं समजावून दिलेलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आईच्या मायेने म्हणाली, "काही नाही रे दोंग, पोरा. कुणी काही बोलत नाहीये. कर काम."

"अगदी काही नाही?"

"देवाशप्पथ."

रुएलने पुढचा मासा ओढला. कणा काढला. भोंगा वाजतच होता, आणि त्याला एक गोष्ट खटकत होती. त्याचे आवाज त्याला ओळखायचे. ते त्याच्या मेलेल्या काकाच्या सुरात 'रुएल, गाढवा' म्हणून सुरुवात करायचे आणि मग त्याची बेकरी काढायचे, बंदर काढायचे, आईचे हाल काढायचे. हा भोंगा त्याला नावाने हाक मारत नव्हता. त्याला रुएलबद्दल काहीच माहीत नव्हतं.

इतका परका आवाज त्याच्या डोक्यातला असणं शक्य नव्हतं.

त्याने सुरी ठेवली. हातमोजे काढले. गमबूट फरशीवर चुकचुक वाजत होते.

"दोंग, कुठे निघालास? अरे कार्ड मिळेल," मागून ग्लेंडा कळवळून म्हणाली. दारातल्या सुपरवायझरने वही उघडून त्याचा नंबर टिपून घेतला. रुएल चालत राहिला.

बाहेरच्या पटांगणात 'इथे जमा' अशी पाटी होती. पाटीखाली अग्निशमन दलाची एक बाई घड्याळ आणि कागद घेऊन उभी होती. दुसरं कुणीही नव्हतं. रुएल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता ती तरी खरी आहे का, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"मॅडम, तुम्हाला भोंगा ऐकू येतोय?"

"मीच दाबलाय," ती म्हणाली. "आगीचा सराव आहे. बाकीचे चारशे अकरा कुठे आहेत?"

"कामावर आहेत, मॅडम."

तिने घड्याळ बंद केलं आणि कागदावर वेळ टाकून लिहिलं: बाहेर आले, एक.

बाकीचं जेवणाच्या सुट्टीत उलगडलं. हॉलमध्ये वाफ कोंडली की भोंगा आठवड्यातून तीनदा आपला आपणच वाजायचा. वर्षानुवर्षं वाजून तो लोकांना ऐकू येईनासा झाला होता. "तो भोंगा होय?" ग्लेंडा कपाळाला हात लावून म्हणाली. "तो तर नेहमीचाच. मला वाटलं, तू तुझ्या काकांचं विचारतोयस." व्यवस्थापकांनी तिसरं कार्ड स्वतः फाडलं. कारखान्याचा भोंगा ऐकू जातो, याला त्यांच्याकडे रुएलशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

मंगळवारच असल्याने अर्लिन कँटीनमध्ये आलेलीच होती. रुएल समोर भात आणि सुकी मासळी खात बसला. तिने नेहमीचा फॉर्म काढला. चौथा प्रश्न होता: या आठवड्यात उमेदवाराला इतरांना ऐकू न येणारा आवाज ऐकू आला का?

अर्लिनने प्रश्न दोनदा वाचला. मग 'हो' वर खूण केली.

त्यापुढे 'किती वेळ' अशी रेघ होती. तिथे तिने अग्निशमनवाल्या बाईच्या कागदावरून आकडा उतरवून घेतला: चार मिनिटं दहा सेकंद.