वळसा

सरांनी चहात बुडवलेलं बिस्कीट मोडून कपाच्या तळाशी गेलं. तो लगदा बोटाने उकरून काढत ते म्हणाले, "अनुभव. लिहून घ्या. शनिवारी अनुभव जिंकणार."

पत्रकाराने लिहून घेतलं नाही. लढतीचं भाकीत त्याला संध्याकाळच्या आत छापायला द्यायचं होतं आणि मन अजून डळमळत होतं. एका बाजूला समोर खुर्चीत बसलेला हा चौतिशीतला बॉक्सर. सरांच्या बॉक्सिंग क्लबातली पोरं त्याला आजोबा म्हणत. दुसऱ्या बाजूला काल-परवा मिसरूड फुटलेला तो पोरगा, ज्याला सगळे मोर म्हणत.

"शैली मात्र बघत राहावी अशी आहे हो त्याची," पत्रकार म्हणाला. "पाय जमिनीला टेकतात की नाही, कळत नाही."

"पिसारा फुलवून कुणी लढत जिंकलंय का? आमचे आजोबा त्या पिसांची उशी भरतील." सर स्वतःच हसले.

आजोबा हसला नाही. उद्या सकाळी लढतीआधीचं वजन करायचं होतं आणि अजून थोडं उतरायचं होतं. दोन स्वेटरांवर प्लॅस्टिकचा सूट चढवून तो बसला होता. काल दुपारपासून पाणी बंद. च्युइंगम चघळून सुटलेली लाळ तो एका बाटलीत थुंकत होता. ती बाटली त्याची बायको धुवायची. बाटलीची तिला कधी किळस वाटली नव्हती. आत्ता ओट्याशी मुलीसाठी बटाटा कुस्करताना मात्र तिला किळस येत होती, ती तहानलेल्या माणसाच्या पुढ्यात मारल्या जाणाऱ्या भुरक्यांची.

पत्रकाराने लॅपटॉपवर मागची लढत लावली. "हे बघा, इथे. मान कशी डावीकडे वळवून उभे आहेत. पूर्वी नव्हते असे उभे राहत."

"तोच तर डाव आहे," सर पुढे सरकले. "डावी बाजू उघडी दिसली की समोरच्याला मोह होतो. उजवा ठोसा हाणायला तो आत येतो, आणि आमचा हात तयारच असतो. आमिष आहे ते."

"पण हे बघा, एकामागून एक गालावर बसतायत. चुकवायचा प्रयत्नसुद्धा नाही."

"मासा हवा तर गांडूळ जाणारच की राव."

हे मात्र पत्रकाराने लगेच लिहून घेतलं.

ओट्याशी चमचा थांबला. त्याच गालावर फडक्यात बांधलेला बर्फ धरून ती त्या रात्री किती वेळ बसली होती. तिने बटाट्यात मीठ घातलं की नाही, हे तिला आठवेना.

तेवढ्यात पलंगाखालून मुलगी बाहेर आली. दीड वर्षाची, अजून बदकासारखी डुलत चालणारी. तिला एक जुना मोजा सापडला होता आणि तो बाबांना दाखवायचा होता. ती खुर्चीच्या डाव्या बाजूला आली. हात लांब केला असता तर त्याच्या कोपराला लागला असता, इतकी जवळ. तिथे ती थांबली. मग खुर्चीला धरून मागे गेली, खुर्ची आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून निघाली, सरांच्या बुटांत एकदा अडखळली आणि उजव्या बाजूला येऊन तिने मोजा पुढे केला.

त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं.

पत्रकाराला हसू आलं. "जवळच तर होत्या बाईसाहेब. एवढा वळसा कशाला घातला?"

"तिकडून बाबांना दिसत नाही," बायको म्हणाली.

सरांनी दुसरं बिस्कीट चहात बुडवलं.

"वहिनींना थट्टेची भारी हौस," सर म्हणाले.

"थट्टा नाही. डावा डोळा गेलाय त्यांचा. तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांच्या तपासणीच्या वेळी तक्त्यावरच्या खुणेचं तोंड वर की खाली, ते मागे उभं राहून खोकून कोण सांगत होतं?"

सरांनी कप खाली ठेवला. मिशीत बिस्किटाचा चुरा होता. "वहिनी, आपल्या घरातल्या गोष्टी घरात राहू द्या. शनिवार तेवढा जाऊ दे."

तिने सरांकडे पाहिलंच नाही. ती पत्रकाराकडे बघत होती. त्याच्या हातात पेन होतं. त्याने एक ओळ छापली असती तर शनिवारची लढत तिथेच थांबली असती.

पत्रकाराने लॅपटॉप मिटला. आपला कागद पुढ्यात ओढला. आता तो हेच लिहिणार, असं तिला वाटलं. मग त्याने लिहिलेलं खोडलं.

"म्हणजे मोर जिंकणार," तो म्हणाला. "तिसऱ्या फेरीत, नाही का?"

तिने त्याच्या पुढ्यातला कप उचलून घेतला. त्यात अजून अर्धा चहा होता. तो तिने बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला.

"चल रे, ऊठ," सर उभे राहिले. "दोरीच्या उड्या राहिल्यात. घाम निघायला हवा."

तो उठला नाही. मांडीवरची मुलगी त्याच्या बोटांवर मोजा चढवायच्या खटपटीत होती. बोटं मोठी होती, मोजा तिचाच होता.

"ही कधीपासून अशी फिरून येते?" त्याने बायकोला विचारलं.

"चालायला लागली तेव्हापासून."